आधी श्वास सोडायचा

महाड
७ सप्टेंबर २०२५

आत्या,

तुला पत्र लिहून चार महिने झाले, हव्या तेवढ्या शिव्या दे. फोन तुझ्या कानाला चालत नाही आणि वरच्या माळाला रेंज नाही. पत्राशिवाय सुटका नाही हे ठाऊक असून माझा हात पेनाला लागत नाही. हे पत्र पोलादपुरात किशोरच्या दुकानावर ठेवायला देतेय. तुझा पुतण्या सयाजी तूप घेऊन उतरला की वर आणेल.

आज कामासाठी लिहितेय. लहानपणी तू मला डोहात पोहायला शिकवलंस, तेव्हा श्वास कसा घ्यायला सांगितला होतास?

हसू नकोस. गेल्या जानेवारीत मी त्या शर्यतीला गेले होते, आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एकामागोमाग एक. ट्रायथलॉन म्हणतात तिला. तुला एवढंच कळवलं होतं की पूर्ण नाही झाली. खरं काय झालं ते आज सांगते. पुण्याकडच्या एका तलावात साडेसातशे मीटर पोहायचं होतं. शंभर मीटरसुद्धा गेले नसेन, छाती आवळली. तोंड उघडलं तर पाणी, डोकं वर काढलं तर पाय खाली. मी हात वर केला आणि त्यांनी मला ओढून होडीत घेतलं. काठावर राजेश आणि आमची लेक उभे होते. लेकीने दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं की माझ्या आईला होडीतून आणलं.

सायकल मी पार हिरकणीवाडीपर्यंत मारते, पळणं तर रोजचं. चाळिशीला आले. घर, शाळा, दीडशे पोरांच्या वह्या यातून ही एकच गोष्ट मी माझ्यासाठी म्हणून धरली आणि ती पाण्यात अडकली. येत्या १८ जानेवारीला पुन्हा नाव घातलंय. पण आत्या, आता डोक्यावर तांब्या ओतला तरी धडधडतं. आई गेल्यावर चार वर्षं तुझ्याकडे होते तेव्हा दिवसदिवस त्या डोहात असायचे. तेव्हा ही भीती कुठे होती, ते तूच सांग.

तुझी
निशी

•

वरचा माळ
१९ सप्टेंबर

निशे,

कागद मिळाला. शिव्या राखून ठेवल्यात, भेटलीस की देते.

माझ्या हाताखाली शिकलेली पोर होडीत घालून आणली आणि ती गोष्ट तू नऊ महिने पोटात ठेवलीस. बरं, मी कुणाला सांगत नाय. सयाजीला सांगितलं, तो काय बोलायचा नाय.

श्वास कसा घ्यायचा म्हंजे काय गो? नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचं नाय, संपलं. आपल्या वाडीतली सगळी पोरं कशी शिकली? म्हैस डोहात घालायची, दोन्ही हातांनी शेपटी धरायची, मान वर ठेवायची, पाय मारायचे की आला पलीकडचा काठ. तू सहा वर्षांची व्हतीस. शेपटी धरून पाण्यात गाणी म्हणायचीस. डोकं वर ठेव, म्हशीसारखं. तुझ्या त्या शर्यतीत सगळे डोकं खाली घालून जात असतील आणि तू त्यांचं बघून गेली असशील.

हिकडं पाऊस उघडत नाय. दोन म्हशी दुधाला हायत, एक गाभण. गणपतीला तुझ्याकडं यायचं मनात व्हतं पण गुडघा धरलाय. उतरायला काय वाटत नाय, चढताना मात्र दोनदा-तीनदा बसावं लागतं. सयाजीची बायको म्हणते डाक्टरला दाखवा. मी म्हटलं, माझी जाऊ कमळा डोलीत बसून डाक्टरकडं खाली गेली, ती परत वर आली नाय. लेकाच्या खोलीत खिडकीतनं रस्ता बघत गेली. या घरातनं मला कुणी डोलीत घालून न्यायचं नाय. चालत उतरीन आणि चालत चढीन, नायतर उतरणार नाय.

तू डोकं वर ठेव.

साळूआत्या

•

महाड
५ ऑक्टोबर

आत्या,

तुझं ऐकलं आणि फजिती झाली.

नाते गावाच्या रस्त्याला एक रिसॉर्ट आहे, त्यांचा पोहायचा तलाव सकाळी पाहुणे उठायच्या आत आम्हाला वापरायला देतात. अमिता म्हणून एक मुलगी शिकवते, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. कडक आहे. तिने मला चार फेऱ्या मारायला लावल्या आणि काठावर बसून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, दर श्वासाला तुमची मान सरळ वर येते, पुढे बघत. कुणी शिकवलं हे?"

मी सांगितलं, आत्याने, म्हशीची शेपटी धरून. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही पोहायला शिकलाच नाहीत. तुम्ही मान वर ठेवून ओढून न्यायला शिकलात."

मला राग आला. तिचाही आला आणि तुझाही. पण ती पाण्यात उतरली आणि तिने दाखवलं. डोकं वर उचललं की कंबर बुडते, पाय बुडतात. मग तरंगायला सगळी ताकद जाते आणि धाप लागते. म्हैस पुढे असेपर्यंत ते कळत नाही, कारण ओढायचं काम तीच करते. तोंड पाण्यात ठेवायचं, म्हणते, आणि श्वास घ्यायच्या वेळी नुसतं कुशीवर वळायचं. एक कान पाण्यात, एक डोळा पाण्यात.

ते मला येत नाही. तोंड पाण्यात गेलं की मी श्वास कोंडून धरते, आणि वळल्यावर तेवढ्या एका क्षणात जुना सोडून नवा घ्यायला बघते. दोन्ही होत नाही. अमिता म्हणते, तुम्हाला हवा कमी पडत नाही, जुनीच बाहेर पडत नाही. भरलेल्या हंड्यात आणखी काय ओतणार? कळतं सगळं. पण पाण्यात गेलं की कळलेलं उपयोगाला येत नाही. काल तलावाची कड धरून रडले.

सोबत गुडघ्याचं मलम आहे. सकाळ-संध्याकाळ चोळ.

निशी

•

वरचा माळ
२६ ऑक्टोबर

निशे,

तुझा कागद वाचून दोन दिवस मी धुसफुसत व्हते. कालची पोर मला सांगते की माझ्या पोरीला पवता येत नाय. सयाजीला म्हटलं, लिव तिला की वरच्या माळावर ये आणि डोहात पवून दाखव. तो म्हणाला, काकी, तुमीच लिवा.

मग दिवाळीच्या आधल्या दिवशी दगडावर बसून म्हशी बघितल्या. हल्ली त्यांना डोहात सयाजीच नेतो, मी वरनंच बघते. म्हैस पाण्यात शिरली की नाकपुड्या पाण्याला लावून फुर्र करते. एकदा नाय, सारखी. ती हवा सोडत असती. पन्नास वर्षं तिच्या शेपटीमागं व्हते आणि तिचं तोंड मी कधी बघितलंच नाय.

तर तुझी अमिता म्हणते ते खरं हाय. आपण पवत नव्हतो गो, म्हैस पवत व्हती. मी सगळ्या वाडीत छाती काढून सांगायचे की बायांच्यात मला एकटीला पवता येतं. आता हे वय झाल्यावर कळतंय. कुणाला सांगू नको, निदान मी हाय तवर.

आता माझं ऐक. तुला फुंकणी ठाऊक हाय. ओली लाकडं असली की तू काय करायचीस? गाल फुगवून एकदम फुंकायचीस, राख डोळ्यात जायची, आणि चूल हाय तिथंच. मी तुझ्या हातातनं फुंकणी घ्यायचे. बारीक तोंड करून हळूहळू, पोट आत जाईतोवर. मग आत घ्यायला काय करावं लागतं? काय नाय. ती आपली येते. तसं पाण्यात फुंक. घेण्याची काळजी सोड.

चूल हल्ली सयाजीची बायको पेटवून देते. माझ्या डोळ्यांना धूर सोसत नाय. मलम चांगलं हाय.

साळूआत्या

•

महाड
१६ नोव्हेंबर

आत्या,

आलं.

तुझं पत्र घेऊनच तलावावर गेले होते, अमिताला वाचून दाखवलं. म्हशीचं वाचताना ती हसली नाही. म्हणाली, आज हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं काठ धरून फुंकायचं. मी तोंड पाण्यात घातलं आणि फुंकणी धरल्यासारखे ओठ केले. पहिल्यांदा घाई झाली, ठसका लागला. दहाव्या-बाराव्या वेळेला असं झालं की फुंकता फुंकता पोट आत गेलं, मी कुशीवर वळले, आणि हवा आली. मी घेतली नाही, ती आली. काय सांगू तुला. वाटलं, कुणीतरी आजवर मानेवर हात ठेवून होतं ते उठलं.

परवा पंचवीस मीटर एका दमात गेले. आज शंभर. संथ, म्हातारीसारखी, पण काठ न धरता. मानेला सवय आहे ती अधूनमधून वर येतेच. आली की अमिता काठावरून ओरडते, "शेपटी." तलावावरच्या माळीबुवांनाही आता कळतं काय झालं ते.

मला आनंद झालाय आत्या, आणि तो तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. राजेशला सांगितलं तर तो मिनिटं विचारतो.

तुझ्या डोळ्यांसाठी थेंब पाठवतेय. दिवसातून तीनदा घाल. आणि गुडघा बरा असेल तर चार दिवस ये ना. थंडी पडायच्या आत उतर.

निशी

•

वरचा माळ
७ डिसेंबर

निशे,

कागद मिळाला. लय बरं वाटलं. तीनदा वाचला.

थेंब घातले. गुडघा हाय तसाच. आता नाय येत, म्हैस व्यायला आलीय.

जास्त लिवत नाय, हात दुखतो. एक सांग. पाण्यात मधीच छाती आवळली, हवा येईना, घाबरं झालं, तर पयलं काय करायचं? मग काय? अमिताला विचारून नीट एकामागं एक लिव. उभं असताना येगळं, आडवं पडल्यावर येगळं, असं काय असलं तर तेबी लिव. म्हंजे मला कळंल की तू खरं शिकलीस का.

साळूआत्या

•

महाड
२० डिसेंबर

आत्या,

परीक्षा घेतेस होय माझी. घे. पोरांच्या उत्तरपत्रिका तपासून तपासून मी आता स्वतःच लिहायला बसले.

छाती आवळली की पहिली गोष्ट म्हणजे हवेसाठी झटापट करायची नाही. जेवढं ओढायला जाशील तेवढी कमी येते. जिथे असशील तिथे थांबायचं. खांदे कानाकडे गेलेले असतात, ते खाली सोडायचे. पाण्यात असलं तर उताणं व्हायचं. जमिनीवर असलं तर बसून थोडं पुढे वाकायचं आणि हात मांड्यांवर टेकायचे, अमिता धावल्यावर आम्हाला तसं बसवते. मग ओठ बारीक करून सोडायचं. संपलं असं वाटलं तरी आणखी थोडं सोडायचं, घेतलं त्याच्या दुप्पट वेळ. भीती वाटते, आतलं सगळं गेलं तर काय, पण तेवढा वेळ धीर धरायचा. मग तोंड मिटून नाकाने येईल तेवढी येऊ द्यायची. असं पाच-सहा वेळा झालं की छाती ऐकते. आणि या सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लाजायचं नाही, हात वर करून मदत मागायची. हे मी नाही, अमिता म्हणते. मला ते अजून जड जातं.

झाले का पास?

चारशे मीटर झाले. आता भीती फक्त शर्यतीच्या त्या तलावाची, थंड असतो आणि तळ दिसत नाही. एकोणतीस दिवस उरलेत. म्हैस व्याली का? रेडी की रेडा, कळव.

निशी

•

वरचा माळ
८ जानेवारी २०२६

निशिगंधाताईस सयाजीचा नमस्कार.

काकीने शपथ घातली होती की १८ तारखेपर्यंत तुम्हाला काय कळवायचं नाय. शपथ मोडतोय, माफी असावी.

काकीचा गुडघा चांगला आहे. डोळेपण चांगले आहेत. त्यांना दम लागतो. पावसाळ्यापासून आहे, दिवाळीपासून त्या झऱ्यावर पण जात नाहीत, पाणी आमच्या घरून जातं. चूल फुंकता येत नाही म्हणून भाकर आमच्याकडून. आडवं पडता येत नाही, भिंतीला टेकून बसतात. तुमचं मागचं पत्र उशीखाली ठेवलंय. दम लागला की ते काढतात आणि त्यात लिहिलंय तसं पुढं वाकून बसतात आणि सोडतात. त्याने निभावतं. पण कालपासून निभावत नाही. ओठ काळे-निळे दिसतात. डोली म्हटलं की काठी उगारतात.

आज मीच खाली जाऊन तुम्हाला फोन करतोय. फोन लागला नाय तर हे पत्र किशोर तुमच्या घरी पोचवेल. तुम्ही आल्याशिवाय त्या डोलीत बसायच्या नाहीत.

सयाजी

•

दवाखाना, महाड
११ जानेवारी, माझ्या वहीतलं पान

आत्या, तुझ्या तोंडावर मास्क आहे, बोलू नकोस. मी बोलले तर तुला ऐकू येत नाही. तेव्हा इथेच लिहू. पेन्सिल तुझ्या हाताशी आहे.

— डोलीत घातलंस मला.

हो. तुझे ओठ निळे होते आणि तू मला ओळखत नव्हतीस.

— वळखत व्हते. बोलायला दम नव्हता.

मास्क ओढू नकोस. सिस्टर दोनदा ओरडून गेल्या.

— तोंडावर कुनीतरी बसलंय असं वाटतं.

माहितीये. मलाही पाण्यात तसंच वाटायचं. ओढून घेऊ नकोस. खांदे खाली. सोड. आणखी सोड. मी तुझ्यासमोर करते, माझ्या तोंडाकडे बघ आणि माझ्याबरोबर कर.

— झालं.

आता बरं?

— हं.

डॉक्टर म्हणाले की चाळीस-पन्नास वर्षांच्या चुलीच्या धुराने छाती अशी झालीय. हवा आत जाते पण सगळी बाहेर येत नाही, जुनी कोंडून राहते. मग नवीनला जागा नाही.

— म्हंजे तुझंच दुखणं.

हो. फरक एवढाच की माझं मी पावलोपावली तुला लिहीत होते. आणि तुझं तू लिहिलंस तेव्हा मी गुडघ्याचं मलम पाठवलं. चढताना दोनदा बसते असं तू लिहिलं होतंस. डोहापर्यंत जात नाही, चूल दुसरंच कुणी पेटवतं, छाती आवळली की काय करायचं ते लिव. सगळं लिहिलं होतंस. मी शिक्षिका आहे आत्या, वाचायला शिकवते पोरांना. मला माफ कर.

— मलम चांगलं व्हतं. सयाजीच्या पाठीला लावलं.

•

१६ जानेवारी, त्याच वहीत

— घरी कधी?

मंगळवारी सोडतील. माझ्या घरी. डॉक्टर म्हणाले, धूर अजिबात नको आणि चढ नको. रोज दोनदा पंप घ्यायचा. खाली राहिलीस तर पुष्कळ दिवस बरी राहशील. वर गेलीस तर त्यांना काही सांगता येत नाही, कमीच म्हणाले.

पान कोरंच परत दिलंस. काहीतरी लिही.

आत्या?

•

१७ जानेवारी

— उद्या शर्यत. आज निघायला पायजे तुला.

नाही जाणार.

— हितं बसून तू माझ्या वाटणीचा श्वास घेणार हायस काय?

मला तुला सोडून जायचं नाही.

— मी बसल्या जागी सोडते आणि घेते. तुझ्याशिवाय येतंय मला. तुला माझ्याशिवाय येतंय का ते बघून ये. राजेश हाय हितं. जा.

•

१९ जानेवारी

तू झोपलीयेस, उठलीस की वाच.

पोहले.

दोनशे मीटरला तेच झालं. पाणी गार, खाली काळं, बाजूच्याची लाथ खांद्याला लागली आणि छाती आवळली. मान वर आली, होडी दिसली. होडीतला माणूस माझ्याकडेच बघत होता. मी उताणी झाले. वर नुसतं पांढरं आभाळ होतं. मी सोडत राहिले. तेव्हा मला तू दिसलीस, भिंतीला टेकून, हातात माझं पत्र, एकटी हेच करत असलेली, आणि पाण्यातच रडू आलं. रडताना हवा बाहेरच जाते, तेही बरंच झालं. मग पालथी झाले आणि गेले. सव्वीस मिनिटं लागली. पाण्यातून बाहेर आले तेव्हा मागे चारच जण होते. सायकल, पळणं सगळं झालं. लेकीला फोन केला, तिने विचारलं, होडी? मी म्हटलं, नाही.

तू होतीस म्हणून झालं. हे तोंडाने सांगितलं असतं तर तुला ऐकू आलं नसतं, म्हणून लिहून ठेवतेय.

•

२३ फेब्रुवारी
(महाडच्या घरी, ओट्यावर, डब्याखाली)

निशे,

शाळेतनं आलीस की घाबरू नको. सयाजी आलाय, मी त्याच्याबरोबर वर चाललेय. पोलादपूरपतूर गाडी, पुढं चालत. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, आणि मग आपल्या दोघींचं भांडण झालं असतं.

महिनाभर तू माझं लय केलंस. मऊ गादी, पंखा, लेक माझ्यासमोर पाटीवर लिहून बोलायची. पण खिडकीत बसलं की मी रस्ता बघायचे. परवा माझ्या ध्यानात आलं की कमळाबी अशीच बघायची. डाक्टर काय म्हणाला ते मी वाचलंय, इसरले नाय. खाली जास्त, वर कमी. मी कमी घेते. हे माझं मी ठरवलंय, तू सयाजीला बोलायचं नाय.

पंप बरोबर घेतलाय. रोज सकाळी तुझ्या गच्चीचा जिना चढत व्हते, तू शाळेत गेलीस की. सुरवातीला चार पायऱ्या जमायच्या. काल दोनदा वर जाऊन आले.

साळूआत्या

•

महाड
२५ फेब्रुवारी

आत्या,

परवापासून मी तुझ्यावर इतकी चिडलेय की काल वर्गात मुलांना विनाकारण बोलले. राजेश म्हणतो जाऊ दे. त्याला काय जातं बोलायला. त्या चढावर तुला काही झालं असतं तर सयाजी एकटा काय करणार होता?

गॅसची शेगडी आणि सिलिंडर किशोरच्या दुकानावर पोचवलंय. सयाजीला दोन माणसं घेऊन वर न्यायला सांग. चुलीशी बसल्याचं कळलं तर मी स्वतः येऊन ती चूल फोडेन. पंपाचा हिशेब दर पत्रात लिहायचा. आणि मे महिन्यात मी पंधरा दिवस येणार आहे, तेव्हा तू नको म्हणायचं नाहीस.

मला भीती वाटते आत्या. पाण्याची नाही आता. तू सुखरूप पोचलीस का, एवढं एक ओळीत लिही. मग मी रागवायचं थांबवीन.

निशी

•

वरचा माळ
१ मार्च

निशे,

पोचले.

एका ओळीत लिव म्हणालीस, पण मला जास्त लिवायचं हाय. दीड तासाची वाट. खालनं सकाळी साडेनऊला निघाले. वीस पावलं चालायची, काठीवर वाकून उभं राहायचं, ओठ बारीक करून सगळी सोडायची, ती परत येईपतूर थांबायचं, मग पुढची वीस. पुढं पुढं दहाच झाली, आणि धनगराच्या खिंडीत पाच. सयाजी मागनं येत व्हता, सारखा हात पुढं करायचा. म्हटलं, लागला तर मी मागीन, तुझ्या ताईनं शिकवलंय मला मागायला. एकदा मागितला, ओढा ओलांडताना. लाजले नाय. बाकी माझी मी आले.

उतरणाऱ्या बाया वाटेत थांबून बघत व्हत्या. एक म्हणाली, साळूबाई, डोली आणायला सांगू का? मला बोलायला हवा नव्हती, म्हणून नुसती मान हलवली.

घराशी आले तेव्हा पावणेतीन वाजले व्हते. शेगडी काल आली, सयाजीच्या बायकोनं लावून दिली. पंप सकाळ-संध्याकाळ घेते. चूल फोडायला ये, पण मे महिन्यात ये, आंबे असतात.

किती दिवस ते मला ठाऊक नाय आणि तुलाबी नाय. त्याचं रडू नको. त्या दिवशी दारात येऊन मी चौकट धरली आणि सगळी हवा सोडली, अगदी शेवटपतूर, तू लिवलंस तशी. भ्याले नाय. उभी राहिले, आणि ती आली.

साळूआत्या